राजाज्ञा आणि अंकुश

'राजा बोले दळ हाले' ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राजाच्या तोंडून शब्द बाहेर पडला की सैन्य हलते, एवढाच तिचा सरळ अर्थ. पण राजा रागाच्या भरात बोलला तर? तेव्हाही दळ हलायचेच का? की दळातल्या कोणी तरी दोन पावले पुढे येऊन "महाराज, जरा थांबा" म्हणायचे? आणि म्हणायचे तर कसे? आपल्या इतिहासातले तीन प्रसंग घेऊन आज या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे मनात आहे.

आम्हां मालवणच्या माणसांना हा विषय काढताना थोडा संकोच होतो. समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचा पाया घातला गेला आणि १६६७ साली तो पुरा झाला. किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आहे आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे आहेत. ज्याच्या हाताच्या ठशापुढे आपण डोके टेकतो त्या राजाच्या एखाद्या आज्ञेविषयी बोलायचे म्हणजे जीभ अडखळते. पण माझे मत असे आहे की महाराजांचे मोठेपण इतके तकलादू नाही. त्यांच्या रागाच्या एका प्रसंगाकडे डोळसपणे पाहिल्याने ते कमी होत नाही, उलट माणूस म्हणून ते अधिक जवळचे वाटतात.

पहिला प्रसंग नेसरीचा. सावंतवाडीहून आंबोली घाट चढून आजरा, चंदगडच्या बाजूला गेले की गडहिंग्लज तालुक्यात नेसरी लागते. म्हणजे तसे आपल्या शेजारचेच गाव. तिथे प्रतापराव गुजरांचे स्मारक आहे. प्रतापरावांचे मूळ नाव कुडतोजी, गाव साताऱ्याकडचे भोसरे. नेतोजी पालकरांनंतर ते सरनोबत झाले. १६७२ च्या साल्हेरच्या लढाईत त्यांनी आणि मोरोपंत पिंगळ्यांनी मोगलांचा उघड्या मैदानावर पराभव केला होता. असा हा कसलेला सेनापती.

एप्रिल १६७३ मध्ये विजापूरचा सरदार बहलोलखान चालून आला, तेव्हा प्रतापरावांनी त्याला उमराणीजवळ कोंडले. पाणी तोडले. उन्हाळ्याचे दिवस, माणसे आणि जनावरे तहानेने व्याकूळ झाली आणि खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला सोडून दिले. दया म्हणून सोडले, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून सोडले, काही असेल. महाराजांना ते अजिबात आवडले नाही. हातात आलेला शत्रू सोडला तर तो पुन्हा येणार, हा त्यांचा हिशेब होता आणि तो खरा ठरला. खान पुन्हा आला. तेव्हा महाराजांचे निरोपाचे पत्र गेले. त्याचा आशय असा सांगतात की खानाला बुडवल्याशिवाय आम्हांला तोंड दाखवू नका.

२४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्रीचा दिवस. प्रतापराव खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे आणि लताबाईंच्या आवाजामुळे ते सात वीर मराठी घराघरांत पोचले आहेत. सात हा आकडा मात्र सभासदाच्या बखरीत नाही. तो येतो मुंबईकर इंग्रजांच्या कागदांतून. इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणवी तेव्हा रायगडाकडे होता. त्याने एप्रिल १६७४ मध्ये मुंबईला जे कळवले त्यात दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह पडले आणि बाकीच्या फौजेची मदत त्यांना मिळाली नाही, असे आहे.

वर्गात हा धडा शिकवताना मुले नेहमी एकच विचारत, "गुरुजी, बाकीचे सैन्य कुठे होते?" फार नेमका प्रश्न आहे हा. सैन्य होते. सेनापतीच पुढे निघून गेला होता. ज्याच्या हाताखाली हजारोंची फौज आहे त्याने सहा माणसांनिशी खिंडीत शिरावे, याला युद्धशास्त्रात काही आधार नाही. याला आधार आहे तो फक्त पत्रातल्या त्या एका वाक्याचा. ते वाक्य काळजात रुतले होते. प्रतापरावांच्या शौर्याविषयी कोणाला शंका नाही, मलाही नाही. पण मनाशी म्हणावेसे वाटते, की महाराजांना खान हवा होता, प्रतापरावांचा जीव नको होता. आज्ञेचा शब्द पाळला गेला आणि आज्ञेचा हेतू मात्र हुकला. राज्याभिषेक अवघ्या साडेतीन महिन्यांवर होता. ६ जून १६७४ ला रायगडावर सगळे होते, फक्त साल्हेरचा हा विजयी सेनापती नव्हता.

हेतू कसा पाळायचा हे लगेच पुढच्या महिन्यात दिसले. प्रतापरावांमागे फौज सांभाळली ती आनंदरावाने. खिन्न झालेली सेना त्याने मोडू दिली नाही. पुन्हा खिंडीत जाऊन डोके आपटण्याऐवजी मार्च १६७४ मध्ये त्याने कर्नाटकात मुसंडी मारून बहलोलखानाच्या मुलखातली संपगावची पेठ लुटली. खानाचे नाक कापले गेले आणि फौजही शाबूत राहिली. आज्ञा तीच होती, पण आनंदरावाने ती थंड डोक्याने वाचली. त्याच्यावर कोणी कविता केली नाही. असो.

आणि महाराज? प्रतापरावांच्या मृत्यूचे त्यांना फार दुःख झाले. पुढे प्रतापरावांची मुलगी जानकीबाई त्यांनी राजाराम महाराजांसाठी सून करून घेतली. राजाला आपला शब्द परत घेता येत नाही, पण त्याची भरपाई करण्याची बुद्धी मोठ्या राजालाच होते.

इथे महाराजांचीच दुसरी एक आज्ञा आठवते. त्याच १६७४ च्या उन्हाळ्यात चिपळूणजवळच्या दळवटण्याला घोडदळाची छावणी होती. तिथल्या अंमलदारांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण जपून वापरा, नाही तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेची भाजी, लाकूड, धान्य ओढून आणाल आणि रयतेला मोगल बरा वाटू लागेल. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. एवढ्या मोठ्या राजाने उंदराचा विचार करावा! या पत्राची आणि प्रतापरावांना गेलेल्या निरोपाची तुलना करून पाहा. शांतपणे दिलेल्या आज्ञेत प्रत्येक वाक्यामागे कारण सांगितलेले आहे. असे केले नाही तर काय होईल ते लिहिले आहे. रागाच्या आज्ञेत कारण नसते, नुसती अट असते. हाताखालच्या माणसाला दोन्हींमधला फरक कळला पाहिजे. ज्या आज्ञेत कारण नाही ती पाळण्यापूर्वी एकदा विचारावे, हे शहाणपण आहे.

दुसरा प्रसंग १६८१ चा, आणि तो दुःखद आहे. शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० रोजी गेले. गादीवरून तट पडले. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक जानेवारी १६८१ मध्ये झाला. त्याच वर्षी औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर कोकणात पालीजवळ येऊन राहिला. काही जुन्या कारभाऱ्यांनी त्याच्याशी संधान बांधून कट केला आणि अकबरानेच तो संभाजी महाराजांना कळवला. मग शिक्षा झाल्या. अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद आणि त्यांच्याबरोबर बाळाजी आवजी चिटणीस व त्यांचा मुलगा यांना सुधागडाच्या परिसरात देहान्त शासन झाले.

बाळाजी आवजी म्हणजे थोरल्या महाराजांचा उजवा हात. आयुष्यभर ज्याने राजाची पत्रे लिहिली तो माणूस. कटात त्यांचा खरोखर किती भाग होता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मल्हार रामराव चिटणीसांची बखर सांगते की ते निर्दोष होते आणि येसूबाई राणीसाहेबांनी संभाजी महाराजांना स्पष्ट शब्दांत सुनावले की हे योग्य झाले नाही. त्यानंतर बाळाजींचे हयात पुत्र खंडो बल्लाळ यांना जवळ घेऊन चिटणिशी देण्यात आली. मल्हार रामराव हे त्याच घराण्यातले आणि बखर लिहिली गेली ती शंभराहून अधिक वर्षांनी, तेव्हा तिच्यातला शब्द न् शब्द घेता येणार नाही. पण खंडो बल्लाळांचे पुढचे आयुष्य हे काही बखरीच्या मर्जीवर अवलंबून नाही. ज्या घराचा कर्ता पुरुष राजाज्ञेने गेला त्या घरातल्या या मुलाने संभाजी महाराजांची, जिंजीत राजाराम महाराजांची आणि पुढे शाहू महाराजांची निष्ठेने सेवा केली.

त्या राणीसाहेबांचा विचार करा. येसूबाई आपल्याच कोकणातल्या, शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या घरातल्या. कट उघडकीला आलेला, राजा संतापलेला, विषप्रयोगाच्या वार्ता उठलेल्या. अशा वेळी मारल्या गेलेल्या माणसाची बाजू घेणे म्हणजे आपल्यावरही संशय ओढवून घेणे. तरी त्या बोलल्या. बाळाजी परत येणार नव्हते, पण एक घर आणि एक माणूस स्वराज्यासाठी वाचला. उशिरा बोललेले खरेही वाया जात नाही, हे या प्रसंगातून मी घेतो. संभाजी महाराजांनी ते ऐकून घेतले आणि ज्याच्या बापाला शिक्षा दिली त्याच्याच हाती आपली पत्रे सोपवली, हेही लहान नाही.

हे सगळे जवळून पाहिलेला एक माणूस होता, रामचंद्रपंत अमात्य. राज्याभिषेकापासूनचे ते अमात्य. पाच छत्रपतींची कारकीर्द त्यांनी अनुभवली. त्यांच्या घराण्याची जहागीर गगनबावड्याला, म्हणजे आमच्या वैभववाडीहून घाट चढला की लगेच. म्हातारपणी, १७१५ च्या सुमारास, त्यांनी कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी आज्ञापत्र हा राजनीतीचा ग्रंथ लिहिला. आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी रयतेची आंब्याफणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत असे जे सांगितले आहे, ते कोकणी माणसाला कायमचे पटलेले आहे. कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. त्याच ग्रंथात प्रधान कसा असावा हे सांगताना अमात्यांनी त्याला हत्तीच्या अंकुशाची उपमा दिली आहे.

ही उपमा मला फार समर्पक वाटते. अंकुश हत्तीचा शत्रू नसतो. हत्तीचे बळ तो कमी करत नाही. हत्तीला मारून टाकावे एवढी त्याची ताकदही नसते. पण हत्ती बिथरला तर तो पिकात शिरू नये, गर्दीत घुसू नये, एवढे काम त्या हातभर लोखंडाने होते. मात्र अंकुश हाताशी असावा लागतो. घरी खुंटीला टांगून ठेवला तर उपयोग नाही.

असा हाताशी असलेला अंकुश म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. हा तिसरा प्रसंग. रामशास्त्री मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. मोठेपणी काशीला जाऊन शिकले आणि पेशव्यांचे न्यायाधीश झाले. थोरल्या माधवरावांच्या काळातली त्यांची एक हकीकत ग्रँट डफने नोंदली आहे. तरुण माधवरावांना जपतपाचा नाद लागला होता. एकदा शास्त्रीबुवा राज्याच्या कामासाठी गेले तर पेशवे ध्यानाला बसलेले, बोलणे बंद. शास्त्री मुकाट्याने परतले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले की मला काशीला जायची रजा द्या. माधवरावांना रोख कळला. दिलगिरी दाखवून ते म्हणाले की पण ध्यान हे तर चांगलेच काम. तेव्हा शास्त्रीबुवांनी सांगितले की ब्राह्मणाचा धर्मच पाळायचा असेल तर राज्य सोडा आणि चला, दोघेही गंगेच्या काठी जाऊन राहू. आणि राज्य करायचे असेल तर रयतेचे काम हीच तुमची उपासना. माधवरावांनी ते मानले.

यात युक्ती आणि धैर्य कसे एकत्र आले आहेत पाहा. भर दरबारात शास्त्रीबुवांनी आरडाओरड केली नाही. एक रात्र जाऊ दिली. पेशव्यांचा अपमान केला नाही, नुसती रजा मागितली. आणि रजा मागितली ती खोटी नव्हती, मिळाली असती तर ते खरेच निघाले असते.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला गेले. नऊ महिन्यांत, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, अठरा वर्षांच्या नारायणरावांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. चुलते राघोबादादांनी लिहिलेल्या हुकमात 'धरावे' होते, त्यातला 'ध' चा 'मा' आनंदीबाईंनी केला, ही गोष्ट परंपरेने चालत आली आहे. ती खरी असो वा नसो, एका अक्षराने ज्याचा अर्थ उलटतो असा हुकूम मुळातच घातकी होता. आणि तो हातात घेणाऱ्या गारद्यांपैकी एकालाही विचारावेसे वाटले नाही की पुतण्याला धरायचे तरी कशासाठी?

विचारले ते रामशास्त्र्यांनी. चौकशी केली, दादांचा हात त्यात असल्याचे ठरवले आणि आता जो स्वतः पेशवा होऊन बसला होता त्याच्यासमोर उभे राहून सांगितले की या पापाला देहान्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही. मग पुणे सोडले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. दादांना ते शिक्षा करू शकले नाहीत. तेवढी शक्ती त्यांच्याजवळ नव्हती. पण आपल्या नावाची आणि पदाची मोहोर त्यांनी त्या राज्याला लावू दिली नाही. पुढे बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर ते सन्मानाने परत आले आणि १७८९ साली मृत्यू येईपर्यंत न्यायाधीशच राहिले.

हे धैर्य कुठून आले? ग्रँट डफच एक लहानसा तपशील देतो. शास्त्रीबुवांच्या घरात एका दिवसापुरते पुरेल त्याहून अधिक धान्य ठेवत नसत. मला तर सगळ्या गोष्टीचे मूळ इथेच दिसते. ज्याचे कोठार भरलेले आहे त्याला राजाच्या रागाची भीती. ज्याचे गाठोडे बांधून तयार आहे, त्याला कसली? आपण सर्वांनी एका दिवसाचे तांदूळ घरात ठेवावेत असे मी म्हणत नाही, घरातली मंडळी मलाच बाहेर काढतील! पण पद, मानमरातब, वरिष्ठांची मर्जी यांची साठवण जेवढी कमी, तेवढी जीभ मोकळी, हे मात्र खरे.

आता राजे गेले, पण आज्ञा गेल्या नाहीत. आमच्या मालवणात राजकोटला ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही उभा राहिला नाही. पुढे २०२५ मध्ये तिथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. दोष कोणाचा हे ठरवणारा मी कोण? पण नटबोल्ट गंजले आहेत असे पत्र पुतळा पडण्याच्या काही दिवस आधी गेले होते, असे तेव्हा वर्तमानपत्रांतून आले होते. म्हणजे कोणाला तरी दिसले होते आणि त्याने कागदावर लिहिलेही होते. माझ्या मनात येते ते त्याच्याही आधीचे. समारंभाची तारीख ठरली, सगळी धावपळ सुरू झाली, तेव्हा या खाऱ्या वाऱ्यात वाढलेला एखादा तरी माणूस म्हणाला असेल का, "सायब, जरा थांबा, हय लोखंड टिकना नाय"? आणि म्हणाला असेल तर ते ऐकायला कोण होते?

कारण अंकुशाची गोष्ट अर्धी सेवकाची आणि अर्धी राजाची आहे. रामशास्त्री बोलले, पण माधवराव ऐकणारे होते म्हणून ते बोलणे फळाला आले. तेच शास्त्री राघोबादादांपुढे बोलले तेव्हा त्यांना पुणे सोडावे लागले. म्हणून ज्यांच्या हाती हुकूम आहे, मग ते मंत्री असोत, हेडमास्तर असोत की घरातले वडीलधारे, त्यांनी आपल्या भोवती निदान एक तरी असा माणूस ठेवावा की जो बिनधास्त नाही म्हणू शकेल. आणि ज्यांना हुकूम येतात त्यांनी आनंदरावासारखे आधी विचारावे की हे सांगणाऱ्याला खरे हवे आहे ते काय?

आमच्या घरातल्या तरुण मंडळींपैकी बरेच जण आता मुंबई-पुण्याला, काही परदेशात मोठ्या कंपन्यांत कामाला आहेत. रात्री अकराला साहेबाचा तापलेला निरोप फोनवर येतो म्हणतात. त्यांना माझे एवढेच सांगणे, की त्याच क्षणी उत्तर लिहू नका आणि त्याच क्षणी घोड्यावरही बसू नका. शास्त्रीबुवांनी मध्ये एक रात्र जाऊ दिली होती. सकाळी जाऊन शांतपणे, पण स्पष्ट बोला. तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव आला असेल तर जरूर लिहा, वाचायला आवडेल.